नाही म्हणायला मागे राहिलेले नाना

भडगावच्या आमच्या शाळेत नागरिकशास्त्राचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असे. पोटात भाकरी, वर पत्रा आणि समोर राज्यघटना. निम्मा वर्ग पेंगायचा. पाटील सर आत यायचे, टोपी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चला, सभागृह सुरू." सगळं गाव त्यांना नाना म्हणे, आणि आम्हीही घरी नानाच म्हणायचो.

वर्गातला कुठलाही निर्णय ते मताला टाकत. खिडकी उघडायची की नाही, इथपासून. त्यांचा नियम असा की होय म्हणणाऱ्याने बसून म्हणावं, आणि ज्याला नाही म्हणायचं आहे त्याने उभं राहावं आणि कारण सांगावं. एकदा मुलांनी मागणी केली की शनिवारचा तास संध्याकाळी घ्या, म्हणजे सकाळी क्रिकेट खेळता येईल. नदीपलीकडच्या मुलांची शेवटची एसटी त्या वेळेआधी जायची. त्यांना राग आला आणि ती तरातरा उठून पाण्याच्या टाकीवर जाऊन उभी राहिली. वर्गात त्या गावची एकच मुलगी उरली होती. ती उभी राहिली, म्हणाली, "सर, आमची गाडी चुकेल." ठराव तरीही मंजूर झाला. मग नाना टाकीवर गेले आणि त्या मुलांना म्हणाले, "तुम्ही रागावलात हे मला दिसलं. पण मी मोजायला बसलो तेव्हा तुम्ही इथे पाणी पीत होतात. आता त्या पोरीचं 'नाही' एकटं पडलं."

पुढे कित्येक दिवस ती मुलं त्या मुलीला बसमध्ये खिडकीची जागा देत होती.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात नाना आमच्या घरी आले, ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "हिला शिकवायची की नाही हे मी विचारत नाही. धुळ्याला शिकवायची की जळगावला, एवढंच सांगा." वडील हसले. म्हणाले, "नाना, तुम्ही तर आधीच ठराव पास करून आले." आज मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. ते एक वाक्य ओट्यावर बोललं गेलं नसतं तर मी कुठे असते, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

मी धुळ्याला शिकायला गेले तोवर नाना शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून गेले होते. कुठल्या पक्षात नव्हते. खानदेशातल्या शिक्षकांनी आपापल्या पदरचं पेट्रोल घालून त्यांचा प्रचार केला होता. आमदार झाल्यावर त्यांच्यात पडलेला फरक म्हणजे टोपी ते आता इस्त्रीवाल्याकडे टाकू लागले. बाकी साधंच, भडगावहून येऊन धुळ्याच्या एका गल्लीत घेतलेलं दोन खोल्यांचं घर. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आधीच गेलेल्या. मूलबाळ नाही. सकाळी उठून स्वतः कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी टाकायचे. भाकरी कधी गोल व्हायची नाही. "गुजरातचा नकाशा झाला बघ आज," म्हणायचे आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर तो नकाशा खायचे.

अधिवेशन नसलं की त्यांची संध्याकाळ ठरलेली असे. जुन्या धुळ्यात रमणभाऊंचं छापखान्यासकट एक दैनिक होतं. चार पानी. दैनिकाला नाव होतं, पण लोक त्याला रमणभाऊंचा पेपर म्हणत. रमणभाऊ आणि नाना पाचोऱ्याच्या एका वसतिगृहात एकाच खोलीत राहून शिकलेले. दोघं एकमेकांशी अहिराणीतच बोलत, आणि बोलत म्हणजे भांडत. मी रविवारी कधी गेले की मला एका कागदाच्या गठ्ठ्यावर बसवत आणि भांडण पुढे चालू ठेवत.

"आज तुना पेपरमा पहिला पानवर काय शे? नगराध्यक्षना वाढदिवस!" नाना म्हणायचे.

"त्यानी जाहिरात दिधी. तू दे, तुना बी छापस."

"माले वाढदिवस माहीत नही."

"मंग तू मरशी तधळ छापसू. ते फुकट."

आणि दोघं हसायचे. रमणभाऊ हसताना त्यांचं पोट टेबलाला लागायचं आणि टेबलावरचा चहा हलायचा.

पण एक गोष्ट खरी होती. गटार तुंबली, शाळेचं छत गळलं, दवाखान्यात डॉक्टर नाही, असं काही असलं की लोक आधी रमणभाऊंकडे यायचे. त्यांच्या दारात चप्पल काढावी लागत नसे. दुसऱ्या दिवशी ते छापून यायचं, मग नाना तोच अंक खिशात घालून मुंबईला प्रश्न विचारायचे. एकाने छापायचं आणि दुसऱ्याने विचारायचं, अशी त्यांची वाटणी होती. ती कुणी ठरवली नव्हती.

मी बी.एड. करत होते त्या वर्षी ते विधेयक आलं. एका मालकाने एका जिल्ह्यात किती वर्तमानपत्रं आणि किती केबल वाहिन्या हातात ठेवाव्यात, याला एक मर्यादा होती. ती सैल करायची होती. मंत्र्यांचं म्हणणं असं की छोटी वर्तमानपत्रं मरायला टेकली आहेत, मोठ्या घराण्यांनी ती घेतली तर निदान जगतील. नाना म्हणत, "जगतील, पण कुणाच्या तोंडानं बोलतील?"

विरोध करणं नानांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते हे, की रमणभाऊंना पेपर विकायचा होता.

त्या रविवारी मी गठ्ठ्यावर बसले होते. रमणभाऊंचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्यांनी हिरवा चष्मा घातला होता. छपाईचं यंत्र बंद होतं. विकत घ्यायला एक मोठं वृत्तपत्र-घराणं तयार होतं, पण त्यांचं आधीच एक दैनिक आणि एक केबल वाहिनी जिल्ह्यात होती. मर्यादा उठली तरच व्यवहार होणार होता.

नाना आत आले, बसले नाहीत. "रमण, मी त्याले इरोध करनार शे. तुले दुसराकडथून समजाले नको, म्हनीसन सांगाले उनू."

रमणभाऊंनी आधी चहा सांगितला. मग म्हणाले, "तू एकला नही म्हनशी, त्यानी काय व्हई?"

"काही नही व्हवाव."

"मंग?"

"मंग काय? नही म्हनसू."

"मी थकी गऊ, निंबा." नानांना निंबा म्हणणारा तो एकच माणूस मी पाहिला. "माले दिसत नही. प्रूफ वाचता येत नही. पोरगी सुरतले बलावस. हाऊ पेपर मी कोना गळामा बांधू? तुले देऊ? घेस?"

नानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "तुनं खरं शे. मनं बी खरं शे."

"दोन्ही खरं, मंग एकजन तरी बसी ऱ्हाय ना, भो!"

नाना टोपी घेऊन निघाले. चहा आला होता, तो तसाच राहिला. मीही उठले, कारण गठ्ठ्यावर बसून राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विधान परिषदेत त्या दिवशी काय झालं ते मी वसतिगृहात मोबाईलवर पाहिलं. कामकाज थेट दाखवत होते. विरोधी पक्षाचे सदस्य आवेशाने बोलले. लोकशाहीचा चौथा खांब, गळा घोटणं, सगळं आलं. मग त्यांच्या नेत्याने जाहीर केलं, "या काळ्या विधेयकाचा निषेध म्हणून आम्ही सभात्याग करतो." घोषणा देत सगळे बाहेर गेले. बाहेर पायऱ्यांवर कॅमेरे होते. नानांना जाताना कुणीतरी हाताला धरून ओढलं असावं, कारण मला त्यांचा आवाज ऐकू आला, "तुम्ही व्हा पुढे. मी मत देऊन येतो."

विधेयक मताला टाकलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.

"नाही."

एकच आवाज, वर्गात ऐकलेला. सभापतींच्या आसनावर बसलेले गृहस्थ हसले. होयचं बहुमत आहे, असं म्हणून पुढे जाणार तेवढ्यात नाना म्हणाले, "सभापती महोदय, पोल." मतमोजणी मागायचा सदस्याला हक्क असतो. सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अहो नाना, कुणाला मोजायचं? तुमच्या खुर्च्यांना?" सभागृहात मोठा हशा झाला. आसनावरून सूचना झाली, "प्रतिकूल सदस्यांनी आपापल्या जागी उभं राहावं." कॅमेरा आसनावरच होता. नाना पडद्यावर दिसलेच नाहीत. बाक सरकल्याचा आवाज तेवढा आला. मग अधिकाऱ्याने आकडा सांगितला, प्रतिकूल एक. विधेयक संमत झालं.

नंतर मी त्यांना विचारलं होतं, नाना, तुम्हीही बाहेर गेले असते तर काय बिघडलं असतं? त्यांचाही निषेधच होता ना? ते भाकरी थापत होते. म्हणाले, "बाहेर गेलेल्यांची नोंद 'अनुपस्थित' अशी होते गं. उद्या कुणी विचारलं, या कायद्याला खानदेशात कुणी नाही म्हटलं होतं का, तर 'सगळे गैरहजर होते' असं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सगळीकडे सभात्यागाची बातमी होती. पायऱ्यांवरचे फोटो, मुठी आवळलेले. नानांचं नाव कुठेच नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण रमणभाऊंच्या पेपरातही नव्हतं. तिथेही तोच पायऱ्यांवरचा फोटो होता. पेपर तेव्हा अजून रमणभाऊंचाच होता. नानांनी तो अंक दोनदा उलटून पाहिला, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "रमणनीही नाही."

रमणभाऊंना राग होता की मित्र आपल्या विरुद्ध उभा राहिला. नानांना दुःख होतं की मित्राने आपल्याला उभं राहिलेलं पाहिलं नाही. दोघांच्या घरांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर होतं. ते कुणी चाललं नाही.

व्यवहार झाला. छापखाना बंद झाला, पेपर जळगावला छापला जाऊ लागला. धुळ्याच्या वाट्याला त्यातलं एक पान आलं. कार्यालयाच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. रमणभाऊ काही महिने सुरतला मुलीकडे राहिले, तिथे करमेना म्हणून एका नातीला सोबतीला घेऊन परतले. नाना रोज वाचनालयात जाऊन सगळी वर्तमानपत्रं वाचत राहिले. त्यातली बरीचशी आता एकाच घरची होती. एकदा मला म्हणाले, "पूर्वी चार पेपर वाचायला दुपार जायची. आता एक वाचला की चारही वाचून होतात. डोळ्यांना बरं आहे." त्यांच्या भागात दोन महिने पाणी गढूळ येत होतं. नानांनी वर्तमानपत्राला लिहिलं, पुन्हा लिहिलं, कुठे एक ओळ आली नाही. कुणी त्यांच्यावर राग धरून दाबत होतं, असं मला वाटत नाही. ते छापायचं की नाही हे ठरवणारा माणूस धुळ्यातच राहत नव्हता.

पुढच्या निवडणुकीला नाना पुन्हा उभे राहिले आणि पडले. फॉर्म भरल्याचं कुठे छापून आलं नाही. चोपड्याकडचे एक शिक्षक, या वेळी मतदानालाच न गेलेले, नंतर त्यांना भेटले आणि हळहळले, "नाना, तुम्ही या वेळी उभे राहायला पाहिजे होतं." नाना म्हणाले, "राहिलो होतो." ते शिक्षक रडकुंडीला आले. नानांनीच त्यांना शेवभाजी खायला घातली आणि बसमध्ये बसवून दिलं.

त्यानंतर त्यांच्याकडे माणसं येणं कमी झालं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. दार उघडंच असायचं. आत गेलं की ते आधी विचारायचे, "कोण?" आणि मी नाव सांगितलं की त्यांचा आवाज एकदम वर चढायचा. खुर्च्या पुसून ठेवलेल्या असायच्या. एकाच खुर्चीचं हात टेकायचं लाकूड झिजलेलं होतं.

मग तो दिवस. मी कॉलेजात होते आणि आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवरच्या गटावर नानांचा फोटो आला, खाली हात जोडलेले. कुणीतरी धुळ्याच्या त्या गल्लीतून मोटारसायकलवरून जाताना नानांच्या दारासमोर मांडव पाहिला होता. मी नानांना फोन लावला, उचलला गेला नाही. खरं-खोटं करायला पूर्वी रमणभाऊंच्या पेपरात फोन केला असता, आता त्या पेपरचा नंबर लावला तर एक मुलगी म्हणाली, "जाहिरात द्यायची असेल तर एक दाबा." मी इंटरनेटवर सगळ्या वर्तमानपत्रांची पानं पाहिली. कुठेच काही नव्हतं. पण त्यावरून काय कळणार? नाना असतानाही कुठे काही नसायचंच.

मी एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी धुळ्याची एसटी धरली. सगळा रस्ता केळीचे ट्रक पुढे होते आणि मी खिडकीत तोंड घालून बसले होते.

गल्लीत पोहोचले तर मांडव खरंच नानांच्या दारासमोर. खाली खुर्च्या. ओट्यावर भडगावच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, सुमनअक्का, तोंडाला पदर लावून बसलेल्या आणि दारात नाना उभे, हातात पाण्याचा तांब्या.

"अक्का, आधी पाणी प्या," नाना म्हणत होते. "मी आहे. शेजारचे तुकाराम शिंपी गेले. त्यांच्या दारासमोर गटारीसाठी खोदून ठेवलंय, म्हणून मांडव इथे घातला. सकाळपासून मी तिकडेच होतो."

"नाना, मेल्या त्या मोबाईलवर हार घातला हो तुम्हाला!" अक्का एकदम हसायला आणि रडायला लागल्या.

"कुठला हार? झेंडूचा की गुलाबाचा?"

मला पाहिलं आणि म्हणाले, "तू पण? तुझे तास कोण घेतंय मग?" मी ओट्यावर बसले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. काठी टेकत रमणभाऊ उतरले. हिरवा चष्मा आता कायमचा झाला होता. रिक्षावाल्याने त्यांना हाताला धरून मांडवापर्यंत आणलं. त्यांना माणसं नीट दिसत नव्हती. त्यांनी एका खुर्चीची पाठ चाचपली, बसले आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "कधळ व्हयनं?"

नानाच पुढे गेले. "रमण, मी जित्ता शे."

रमणभाऊंनी मान वर केली. आवाजाच्या दिशेने चेहरा नेला आणि तसाच ठेवला. मला वाटलं, आता उठून निघून जातील. मेलेल्या मित्राकडे ते आले होते. जिवंत मित्राकडे यायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"तू मरी गया असं आयकं," ते म्हणाले.

"हं. माले बी आत्तेच समजनं."

नानांनी एक खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. दोघं समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले.

"सकायले समजनं, तधळ तुनावर लिखाले बसनू," रमणभाऊ म्हणाले. "नातले सांगं, मी बोलस, तू लिख. तू उभा ऱ्हायना तठून सुरू कयं. एकला उभा ऱ्हायना, तठून." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लिखाई गयं. मंग ध्यानमा उनं, धाडू कोठे?"

नानांनी खुर्ची थोडी त्यांच्याकडे सरकवली.

"सांग ना! चाळीस वरीस पेपर काढा मी. मना दोस्तवर चार ओयी धाडाले जागा नही माले."

"वाच," नाना म्हणाले.

"काय?"

"लिखेल शे ना? पाठ व्हई तुले. वाच."

"जित्ता माणूसनं कसं वाचू, भो?" रमणभाऊंचा आवाज फुटला. नानांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने उचलून घेतला.

सुरतहून शिंप्यांचा मुलगा आला होता. शेजारी शिंप्यांच्या घरात एकदम रडण्याचा आवाज उठला, आणि तिरडी बाहेर आली. सगळे उठले. नाना उठले, रमणभाऊही उठले. शिंप्याला रमणभाऊ ओळखतही नसतील, पण मांडवात बसलेला माणूस तसाच घरी कसा जाणार? माणसं रांगेने गल्लीतून निघाली. अक्का आणि मी ओट्यावरच राहिलो.

त्यानंतर मी नानांना पाहिलं नाही. पावसाळ्यात ते गेले, आणि मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. म्हणून मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, पाठमोरे. अंत्ययात्रेच्या अगदी शेवटी दोघं म्हातारे चालले होते, मध्ये एका माणसाची जागा मोकळी. गल्ली जिथे वळते तिथे रमणभाऊंची काठी खोदलेल्या मातीत रुतली आणि ते मागे पडले. पुढची माणसं वळणापलीकडे निघून गेली. नाना दोन पावलं गेले असतील. मग काठीचा आवाज येत नाही हे त्यांना जाणवलं असावं. ते थांबले. वळून पाहिलं नाही, हाकही मारली नाही. रिकाम्या गल्लीत, हात मागे बांधून, रमणभाऊ जवळ येईपर्यंत ते तसेच उभे होते.